अ‍ॅजाईल कुठून आलं आणि आता कुठे चाललंय: तुमचे प्रश्न

या वेळी बरेचसे प्रश्न अ‍ॅजाईलवर, म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या छोट्या टप्प्यांत बनवून, दाखवून, बदलत जाण्याच्या पद्धतीवर, आणि निम्म्यांत नुसता वैताग, त्यातले चार घेतोय.

प्रश्न: 2001 च्या आधी सगळे वॉटरफॉलच करायचे का?

नाही हो. वॉटरफॉल म्हणजे आधी सगळं डिझाईन, मग सगळा कोड, शेवटी टेस्टिंग, एकेक पायरी उतरत. नासाच्या मर्क्युरी प्रोजेक्टवर 1960 च्या सुरुवातीलाच अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या इटरेशन्स (कामाच्या छोट्या फेऱ्या) चालायच्या आणि कोडच्या आधी टेस्ट लिहायचे. आणि वॉटरफॉलची गंमत अशी की विन्स्टन रॉयसच्या 1970 च्या पेपरमधली ती पायऱ्यांची आकृती सगळ्यांनी उचलली, पण त्याच पेपरात तो सांगतो की हे असं करणं धोक्याचं आहे, कारण टेस्टिंग सगळ्यात शेवटी येतं आणि तिथे डिझाईनच गंडलंय असं कळलं की बसा परत पहिल्यापासून. पुढची पानं बहुतेक कोणी उलटलीच नाहीत.

1993 मध्ये जेफ सदरलँडने ईझल कंपनीत स्क्रम (छोट्या ठरावीक मुदतीच्या टप्प्यांत, म्हणजे स्प्रिंटमध्ये, काम करायची पद्धत) सुरू केलं, मग केन श्वेबरबरोबर 1995 मध्ये ते जाहीरपणे मांडलं. केंट बेकचं एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग (आधी टेस्ट, दोघांनी मिळून कोड, अशी पद्धत) क्रायस्लरच्या पगाराच्या सिस्टीमवर घडलं, 1996 पासून (ते प्रोजेक्ट 2000 मध्ये बंद पडलं, हे ट्रेनिंगमध्ये सहसा कोणी सांगत नाही). फेब्रुवारी 2001 मध्ये अशा वेगवेगळ्या पद्धतींची 17 माणसं युटामधल्या स्नोबर्डला जमली, स्कीइंग, जेवणखाण आणि त्यातून अ‍ॅजाईलचा मॅनिफेस्टो, म्हणजे जाहीरनामा: चार मूल्यं, नंतर बारा तत्त्वं. त्यात स्टँडअप (टीमची रोजची छोटी मीटिंग) नाही, स्टोरी पॉइंट (काम किती मोठं याचा अंदाजे आकडा) नाही, जिरा (कामं नोंदवायचं सॉफ्टवेअर) तर नाहीच. मुद्दा एवढाच की चालणारं सॉफ्टवेअर लवकर लोकांच्या हातात द्या, ते काय म्हणतात बघा, आणि त्याप्रमाणे बदला.

प्रश्न: हिंजवडीत आहे, क्लायंट अमेरिकेत. आमचा स्टँडअप संध्याकाळी साडेसहाला, वीस जण, पाऊण तास. मॅनेजर एकेकाला विचारतो काल काय केलं. हे बरोबर आहे का?

ही हजेरी झाली. डेली स्क्रम, म्हणजे हाच स्टँडअप, 15 मिनिटांचं, आणि ते डेव्हलपर्सनी आपापसात आजचं काम ठरवण्यासाठी असतं, मॅनेजरला रिपोर्ट द्यायला नाही. ते तीन ठरलेले प्रश्नसुद्धा (काल काय केलं, आज काय करणार, काय अडलंय) 2020 च्या स्क्रम गाईडमधून, म्हणजे स्क्रमच्या नियमांच्या पुस्तिकेतून, काढून टाकलेत, आणि टीम साधारण दहा किंवा त्याहून कमी असावी असं त्यात लिहिलंय. माझं ऐकाल तर वीस जणांच्या दोन टीम करा, स्टँडअप सकाळी आपल्या वेळेला घ्या, मॅनेजरला रोजचा स्टेटस बोर्डवर बघू द्या, आणि क्लायंट जागा असतो तो संध्याकाळचा मोलाचा तास चालू फीचर दाखवायला वापरा. तिथे त्याने "हे असं नको होतं" म्हटलं की पुढचा आठवडा वाचला.

प्रश्न: आमच्या टीमची व्हेलॉसिटी शेजारच्या टीमपेक्षा कमी म्हणून अप्रेझलमध्ये ऐकवलं.

निव्वळ मूर्खपणा. व्हेलॉसिटी म्हणजे एका स्प्रिंटमध्ये टीमने संपवलेल्या पॉइंटांची बेरीज, आणि ते पॉइंट प्रत्येक टीम आपल्याच अंदाजाने ठरवते. त्यांचे पाच पॉइंट आणि तुमचे पाच पॉइंट यांचा एकमेकांशी काही संबंधच नाही, आणि असं मोजायला लागलं की पुढच्या स्प्रिंटला तीन पॉइंटची स्टोरी (कामाचा एक तुकडा) आपोआप आठची होते. रॉन जेफ्रीज, मॅनिफेस्टोवर सही करणाऱ्यांपैकी एक, त्याने स्वतःच लिहिलंय की पॉइंट कदाचित मीच शोधून काढले असतील, आणि तसं असेल तर सॉरी.

प्रश्न: एआय आल्यावर अ‍ॅजाईल संपणार का? मी स्क्रम मास्टरचं (टीममध्ये स्क्रम नीट चालतंय ना ते बघणाऱ्याचं) सर्टिफिकेट करायच्या विचारात आहे.

अ‍ॅजाईल मेलं असं डेव्ह थॉमसने 2014 मध्येच लिहिलं होतं, आणि तोही त्या 17 जणांतलाच. पण नुसत्या मीटिंगा लावणाऱ्या नोकऱ्या कमी होतील असं मला वाटतं. कॅपिटल वन या अमेरिकन बँकेने जानेवारी 2023 मध्ये हजाराहून जास्त अ‍ॅजाईलच्या जागा काढल्या, तेव्हा एआयचा गाजावाजा नुकताच सुरू झाला होता, म्हणजे कारण एआय नव्हतंच. आता कोड तासाभरात निघतो, अडतं ते तो तपासताना आणि मुळात काय बनवायचं हे ठरवताना, त्यामुळे दोन आठवड्यांचा स्प्रिंट काही टीमना लांब वाटायला लागेल, आणि बेकच्या जुन्या सवयी, आधी टेस्ट, छोटे बदल, दोघांनी बसून बघणं, या जास्त लागतील कारण मशीनचा कोड वाचल्याशिवाय आत घेणं म्हणजे डोळे मिटून सही करणं.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर सीएसएमला (सर्टिफाइड स्क्रम मास्टर) कोर्स सक्तीचा आहे आणि दर दोन वर्षांनी पैसे भरून रिन्यू करावं लागतं, पीएसएम-1 ला (प्रोफेशनल स्क्रम मास्टर, पहिली पायरी) कोर्स लागत नाही, 60 मिनिटांत 80 प्रश्न, पास व्हायला 85 टक्के. स्क्रम गाईड फुकट आहे, एका बैठकीत वाचून होतं. जॉबच्या जाहिरातीत मागतच असतील तर पीएसएम द्या, आणि कोर्सच्या वाचलेल्या पैशात टेस्ट ऑटोमेशन शिका.