पेंढाही वहीत मांड

चि. भाचेबुवांस आशीर्वाद,

पोरीला डांगी जातीची कालवड घेऊन द्यायची, प्रदर्शनात उतरवायची आणि त्यातून तिला व्यवहार कळू द्यायचा, हा तुझा बेत पटला. कालवड देतो, पण फुकट नाही. भाव ती आणि मी ठरवू. निम्मे तिनं साठवलेल्या पैशांतून रोख, निम्मे उधार. फुकटच्या जनावराचा हिशेब कोणी ठेवत नाही.

माझं चुकलं ते सांगतो. थोरल्याला गोऱ्हा दिला होता. सरकी पेंड, जंताचं औषध मी गुपचूप भरत राहिलो. भाताचा पेंढा तर घरचाच, त्याला कोण विचारतो? गोऱ्हा विकला आणि आलेली सगळी रक्कम त्याला नफा वाटली. सायकल आली! पुढच्या खेपेला पेंडीचं पोतं त्याच्या नावावर टाकलं, तर गडी आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. म्हणून घरचा पेंढा, बांधावरचं गवतसुद्धा बाजारभावानं मांडायचं. तिची मेहनत वेगळ्या रकान्यात. मजुरी द्यायची का ते नंतर बघू, पण लिहिलेली हवी.

दर पंधरवड्याला टेप लावायला सांग. छातीच्या घेराचा इंचात वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंतची लांबी, तीही इंचात, भागिले 660, की किलोत वजन निघतं. घेर 40 आणि लांबी 36 आली तर अंदाजे 87 किलो. वजनाच्या तीन टक्के धरले तर रोजचा कोरडा चारा अडीच किलोच्या वर जातो. हिरव्या गवतात किती नुसतं पाणी असतं ते सांगू नकोस. किलोभर गवत उन्हात वाळवून तिलाच तोलू दे. मग एक किलो वजन वाढायला किती रुपये लागले, ते ती स्वतःच काढेल.

दुधावर हिशेब बांधू देऊ नकोस, डांगी त्यासाठी नाही. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात चिखलणीला टिकणारं हे जनावर. तेलकट कातडी, काळे टणक खूर, हीच त्याची पुंजी. पारखी माणूस तेच बघतो. रोज खरारा करायचा आणि म्होरकी, म्हणजे तोंडाला बांधलेली दोरी, धरून गर्दीत शांत उभं राहायची सवय लावायची, एवढं आधीपासून हवं. प्रदर्शनाला नेण्याचं गाडीभाडंही वहीत. फेटा बांधला, फोटो निघाला, आनंद आहे. पण त्या दिवशी कितीजणांनी भाव विचारला, तेही तिनं लिहावं.

त्याआधी एकदा घोटीच्या बाजारात घेऊन ये. दातांवरून जनावराचं वय, दोन दाती की चार दाती, कसं ओळखतात ते दाखवीन. उपरण्याखाली बोटं धरून सौदा चालतो, तो बघून पोरं आधी हसतात, मग हळूच विचारतात, "भाव लपवतात कशाला?" याचं उत्तर तू देऊ नकोस. दलालालाच विचारू दे.

तोटा झाला तर खिशातून भरून काढायचा नाही. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, म्हणून लिहिलं.

येताना नवी म्होरकी आण, माझ्याकडची कुजली. तिचे पैसे कालवडीच्या खात्यात.

तुझा,
मामा