हर्षद संख्या की हर्षदा संख्या?

एका वाचकाने विचारलं आहे: ‘हर्षद संख्या’ यातला हर्षद कोण? हे विशेषण असेल, तर संख्या स्त्रीलिंगी म्हणून ‘हर्षदा’ नको का? आणि १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या हर्षद आहे का, ती शब्दांत वाचायची कशी?

हर्षद नावाचा कुणी गणिती नाही. हर्ष देणारी ती हर्षद. हे नाव ठेवलं देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी (१९०५–१९८६). इंग्रजीत हिलाच ‘निवेन संख्या’ही म्हणतात आणि ते मात्र खरोखर आडनाव आहे, गोंधळ तिथूनच झाला असावा. शेवटचा ‘द’ हा ‘दा’ म्हणजे देणे या धातूचा. सुखद, दुःखद, वरद यांत तोच आहे. पाणी देतो म्हणून ढगही जलद. ‘जलद गाडी’तला जलद मात्र अरबी-फारसीतून आला, त्याचं कूळ वेगळं.

संस्कृतात ‘हर्षदा संख्या’च होईल. मराठीत अकारान्त विशेषण लिंगाप्रमाणे बदलत नाही. आपण ‘सुखद बातमी’, ‘दुःखद घटना’ म्हणतो. तेव्हा हर्षद संख्या हेच बरोबर. हर्षदा, सुखदा ही मुलींची नावं म्हणून गोड आहेत, तिथे ती असू द्यावीत.

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, ती हर्षद. १८ घ्या: १ आणि ८ मिळून ९, भाग जातो दोनदा. तुमच्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. आता ही संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग. या नऊ एक्क्यांची बेरीज ९, म्हणून त्यांना ९ ने भाग जातो. मग वर्गाला ८१ ने जाणारच. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१. म्हणजे ही हर्षद, आणि तिचं वर्गमूळही हर्षद! १, १२१, १२३२१ अशा या माळेला कापरेकरांनी ‘डेम्लो संख्या’ या आपणच नाव ठेवलेल्या आणखी एका गटात स्थान दिलं होतं. माळेतल्या पहिल्या नऊ संख्यांत हर्षद तीनच: पहिली, तिसरी आणि ही नववी. १२१ कागदावर करून पाहा, ४ ने भाग जात नाही.

वाचनासाठी मला भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली (११५०) स्थाननामं फार आवडतात, कारण तिथे प्रत्येक घराला स्वतःचं नाव आहे. एक मध्य, दोन अन्त्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद. इथून उतार: आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक.