‘द ग्रेट ब्रिटिश सोइंग बी’ बघून स्वतःचे कपडे शिवावेसे वाटतायत, पण क्लास न लावता जमेल का? सुरुवात कशी करू?

जमेल, नक्की जमेल. मी इंग्लंडमध्ये राहते, इथे ही शिवणकामाची स्पर्धा बीबीसीवर 2013 पासून चालू आहे आणि त्यात येणारे सगळे हौशीच असतात, दिवसभर दुसरी कामं करून घरी शिवणारे. पहिल्याच सीझनला जिंकलेल्या अ‍ॅन रोली तर ऐंशीच्या पुढच्या होत्या. मी पण हाच प्रोग्राम बघून मशीन घेतलं, आणि आता माझे बरेचसे कुर्ते आणि ड्रेस मीच शिवते.

फक्त त्यांच्या घड्याळाशी बरोबरी करू नका. तिथे अख्खा कोट काही तासांत उभा करतात कारण ती स्पर्धा आहे, घरी तुमच्या मागे कोणी लागलेलं नाहीये. बघायचाच तर शेवटचा राउंड नीट बघा, जिथे मॉडेलच्या मापाने शिवून तिच्या अंगावर घालून दाखवायचं असतं. परीक्षक पॅट्रिक ग्रँट हा सॅव्हिल रोच्या (लंडनमधली नामांकित टेलरांची गल्ली) टेलरिंगमधला माणूस, तो आणि दुसऱ्या परीक्षक एस्मे यंग तेव्हा काय तपासतात बघा. खांद्याची शिवण खांद्यावरच बसलीये का, डार्टचं (अंगाचा आकार यावा म्हणून शिवलेल्या टोकदार चुणीचं) टोक योग्य जागी संपतंय का, मुंढ्यात (बाही जोडतात त्या जागी) कापड ओढलं जातंय का, खालचा घेर सगळीकडून सारखा आहे का. कपडा घरी शिवलेला वाटतो की टेलरकडचा, ते इथेच ठरतं, लेस आणि बटणांनी नाही.

म्हणून माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हे की चांगल्या कापडाला कात्री लावायच्या आधी तोच कपडा मांजरपाटात शिवून बघा. मांजरपाट नसेल तर जुनी चादर घ्या (इकडे मी चॅरिटी शॉपमधून, म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणते, स्वस्तात भरपूर कापड मिळतं). मशीनवर सगळ्यात मोठा टाका लावायचा म्हणजे उसवायला सोपं जातं, अस्तर नको, काज नको, फक्त शिवणी. अंगात घालायचं, आरशासमोर हात वर करायचे, खाली बसायचं, जिथे चुण्या पडतात तिथे टाचण्या लावून कापड आत घ्यायचं, जिथे ओढतंय तिथे शिवण उसवून किती फट पडते ते मोजायचं. मग ते सगळं पेनने कापडावरच लिहायचं, उसवायचं आणि त्याच तुकड्यांवरून नवीन पॅटर्न (कापड बेतायचा कागदी नमुना) काढायचा. कंटाळा येतो, मान्य आहे, पण एकदा तुमच्या मापाचा बेसिक पॅटर्न तयार झाला की गळे आणि बाह्या बदलून त्यातून कितीतरी कपडे निघतात.

आपले टेलर माप घेऊन थेट कापडावर बेततात, इकडे कागदी पॅटर्नची पाकिटं मिळतात. त्यात दुकानातला साईझ नंबर धरू नका, पाकिटावरच्या तक्त्यात छाती-कंबरेचं माप बघून घ्या, बहुतेक वेळा एखाद-दोन नंबर वरचाच निघतो. माया, म्हणजे शिवणीच्या बाहेर सोडलेलं जादा कापड, साधारण दीड सेंटीमीटर धरलेली असते. कागदावरचा बाण कापडाच्या उभ्या धाग्यालाच लावा, तिरका लागला तर कपडा धुतल्यावर पिळवटतो. सुती कापड आधी धुवून घ्या, आणि प्रत्येक शिवणीवर लगेच इस्त्री, यात अजिबात आळस नको.

मशीन साधं घ्या, सरळ टीप आणि झिगझॅग पुरे. वाचलेले पैसे चांगल्या कात्रीत घाला आणि तिने कागद कापू नका.

पहिला कपडा म्हणजे नाडीचा परकर किंवा इलॅस्टिकचा पायजमा, मग बिनबाह्यांचा टॉप, बाही त्यानंतर. जुन्या कपड्यातून नवीन करायचा राउंड बघून आईच्या साड्या काढाव्याशा वाटतीलच, तर आधी सुती साडी घ्या, जॉर्जेट आणि शिफॉन कापतानाच हातातून निसटतात, ते पुढच्या वर्षी.