पत्र तुमचं, प्रश्न मुलीचा

प्रश्न : मुलगी संख्याशास्त्रात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. देशाचं अन्न आणि जमीनवापराचं नियोजन जागतिक शाश्वत विकास उद्दिष्टांशी जुळवणं, या क्षेत्रात तिला पुढे शिकायचंय. मला हे परिषदांमधल्या भाषणांचं काम वाटतं. बँकेच्या परीक्षेचा तिचा फॉर्म मीच भरून टाकलाय. तिला कसं समजवावं? – एक वडील

उत्तर : ‘मीच भरून टाकलाय’ हे तुम्ही किती सहज लिहून गेलात! तिला विचारलं होतं का? त्या अर्जाचा पासवर्ड कुणाकडे आहे? वीस-एकवीस वर्षांच्या मुलीचा फॉर्म परस्पर भरणं, याला काळजी म्हणवत नाही. अशा परीक्षेला मुलं बसतात, अभ्यासाला बसत नाहीत. मग निकालाच्या दिवशी घरात दोघंही एकमेकांना दोष देतात. बँकेची परीक्षा वाईट नाही. वयोमर्यादा पाहून ठेवा, ती पुढेही देता येईल.

आता ‘भाषणांचं काम’. २०१५ साली १७ उद्दिष्टं ठरली. २०२२च्या जैवविविधता करारात २०३०पर्यंत ३० टक्के जमीन आणि समुद्र राखण्याचं ठरलं. भाषणं तिथवर. पुढे उरतो तो हिशेब, कारण जमीन वाढत नाही. समजा, लोकसंख्या ५ कोटी, माणशी वर्षाला ६० किलो धान्य, म्हणजे ताटात ३० लाख टन. पिकल्यापासून ताटापर्यंत २० टक्के वाया जातं. नवखा माणूस ३० लाखांत २० टक्के मिळवून ३६ लाखांवर थांबतो. पण नासाडी होते ती पिकलेल्या धान्याची, म्हणून ०.८ने भागायला हवं : ३७.५ लाख टन. हेक्टरी ३ टन उत्पादन धरलं तर साडेबारा लाख हेक्टर लागतात. चुकीच्या हिशेबात बाराच. पन्नास हजार हेक्टर कागदावरच गायब, आणि नेमकी तीच जमीन वनखात्याच्या आराखड्यात झाडांसाठी मोकळी दिसते! शिवाय एकाच रानात वर्षाला दोन पिकं निघत असतील तर पेरणीचं क्षेत्र आणि प्रत्यक्ष जमीन हे आकडे वेगळे. जनावरांचा चारा धरायचा तो आणखी वेगळा.

देशांचीही तीच गत. प्रत्येकानं निर्यात वाढवायची ठरवली तर घेणार कोण? ‘फेबल’ या आंतरराष्ट्रीय संशोधकगटात देशोदेशीचे चमू एक्सेलमध्ये पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांनी २०५०पर्यंतची मांडणी करतात. मग सगळ्यांची आयात आणि निर्यात ताळ्यावर आणतात. तुमच्या मुलीचं संख्याशास्त्र इथे जसंच्या तसं कामाला येतं.

तिला झेपेल का, हे तीन महिन्यांत कळेल. जागतिक अन्न व कृषी संघटनेची फाओस्टॅट ही आकडेवारी फुकट मिळते. एक देश, एक पीक घ्यावं. २००० सालापासून सुरुवात करून आपल्या सूत्रांनी २०१० आणि २०१५चं क्षेत्र काढावं नि नोंदलेल्या आकड्यांशी ताडून पाहावं. जुळत नसेल तर २०५०कडे वळूच नये. बहुतेक वेळा घोळ एककांत असतो, हजार टनांचा आकडा टन म्हणून घेतलेला. यात मन रमलं तर कृषी अर्थशास्त्र किंवा पर्यावरणीय प्रतिमानांचा (मॉडेल्सचा) पदव्युत्तर अभ्यासक्रम, जोडीला आर ही संख्याशास्त्राची संगणकभाषा आणि जीआयएस, म्हणजे संगणकावरचं नकाशांचं तंत्र. कंटाळा आला तर तेही तिचं तिलाच उमगेल, तुम्हाला समजवावं लागणार नाही.

पासवर्ड आज तिच्या हवाली करा. परीक्षेला बसायचं की नाही, ते ती सांगेल. पुढचं पत्रही तिलाच लिहू द्या, अभ्यासक्रम कुठला घ्यावा ते मग तिच्याशी बोलता येईल.