चांगली पाने हाती आली, की आधी चिप्स मोजा

प्रत्येकाला दोन बंद पाने मिळणाऱ्या टेक्सास होल्डेम पोकरमध्ये एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांतून एकदाच हाती येते, त्यामुळे रेझ केली, म्हणजे बोली वाढवली, तर सगळे पळून जातील या भीतीने नुसता कॉल करून, म्हणजे आहे तेवढीच बोली भरून, गप्प बसण्याचा मोह नवख्या खेळाडूला होतो. तो कृपया आवरावा. एका अनोळखी हाताविरुद्ध ही जोडी सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते, पण चार जण स्वस्तात फ्लॉप, म्हणजे टेबलावर उघडणारी पहिली तीन सामाईक पाने, पाहायला आले, की तेच प्रमाण ५६ टक्क्यांच्या आसपास उतरते.

खरी कसोटी गुलामांच्या जोडीची आणि एक्का-बादशहाची असते. हाती गुलाम असताना फ्लॉपवर निम्म्याहून अधिक वेळा मोठे पान उघडते. तुमच्याकडे १२ बिग ब्लाइंड (पाने पाहण्याआधी भरावी लागणारी मोठी सक्तीची बोली) पुरतील एवढ्याच चिप्स उरल्या असतील आणि डीलरच्या, म्हणजे बहुतेकांनंतर बोली लावणाऱ्या, जागेवरून कोणी रेझ केली असेल, तर फ्लॉपची वाट न पाहता ऑल-इन जावे, म्हणजे सगळ्या चिप्स लावाव्यात. मात्र १०० बिग ब्लाइंड असताना सर्वांत आधी बोली लावणाऱ्या पहिल्याच जागेवरच्या सावध खेळाडूने रेझ केली, तर मी कॉल करूनच पुढचे पाहतो. एक्का-बादशहा देखणा खरा, पण राण्यांच्या जोडीसमोर तो थोडा मागेच असतो. त्याचे बळ स्वतः ऑल-इन जाऊन समोरच्याला पाने टाकायला लावण्यात अधिक आहे.

स्पर्धेत बक्षिसांत येण्यासाठी एकच जण बाद व्हायचा राहिलेला असताना गमावलेल्या चिप्स मिळवलेल्या चिप्सपेक्षा महाग पडतात. अशा वेळी मोठ्या साठ्याचा खेळाडू ऑल-इन गेला आणि टेबलावर तुमच्याहून कमी चिप्सवाले दोघे-तिघे तग धरून असले, तर दहांची जोडी मुकाट्याने टाकून द्यावी.