भाकरी कागदावर नव्हती

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्याकडे येणाऱ्यांचा, आणि त्याहून अधिक त्यांच्या घरच्यांचा, एक प्रश्न ठरलेला असतो: आता जन्मभर सूप आणि पावडरीवर काढायचे, की घरातले साधे जेवण पुन्हा जेवता येईल? जळगावात आहार-समुपदेशन करताना या प्रश्नाला नियमांचे उत्तर देऊन मी पाहिले आहे. ते ऐकणाऱ्याच्या डोक्यात फार काळ टिकत नाही. म्हणून एका बाईंची हकिकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत; त्यांना आपण सुनंदाताई म्हणू.

सुनंदाताई रावेर तालुक्यातल्या केळी बागायतदार घरातल्या, वय 44. जुलैच्या सुरुवातीला एका मोठ्या शहरात त्यांची स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली होती. या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी, जिच्यात सुरुवातीला अर्धी-पाऊण वाटी अन्नही जड होते. डिसेंबरात त्या सासूबाईंना घेऊन माझ्याकडे आल्या, तेव्हा वजन 112 किलोवरून 93 वर येऊन सहा आठवडे तिथेच थांबले होते, केस विंचरताना गुंतवळ हातात येत होते आणि दुपारी डोळ्यांपुढे अंधारी येत होती. सासूबाईंनी खुर्चीवर टेकण्याआधीच विषय काढला, “मॅडम, हिले भाकर कधी चालीन, तेवढं सांगा. रोज बिस्किटं बुडवून खाते. असं कुठं माणूस जगतं का?”

आहाराचे बोलण्याआधी मी उलट्यांबद्दल विचारले. अधूनमधून होतात, असे उत्तर आले, म्हणून जेवणाचा एक शब्दही न बोलता मी त्यांना प्रथम त्यांच्या शल्यविशारदांकडे पाठवले. नळी मध्येच अरुंद झाली असेल, तर कोणताही आहारतक्ता उपयोगाचा नसतो. शिवाय वारंवार उलट्या होत राहिल्या की शरीरातला थायमिनचा, म्हणजे ब-1 जीवनसत्त्वाचा, साठा काही आठवड्यांत संपू शकतो. पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल, पायांना मुंग्या येत असतील, चालताना तोल जात असेल किंवा एकाच्या दोन वस्तू दिसत असतील, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. समुपदेशकाच्या वेळेची वाट पाहू नये. सुनंदाताईंची दुर्बिणीने तपासणी झाली आणि मार्ग मोकळा निघाला. रक्तात मात्र हिमोग्लोबिन 9.6 होते आणि ब-12 बरेच खाली गेले होते. गोळ्या त्यांनी दिवाळीतच थांबवल्या होत्या, कारण वजन उतरले म्हणजे औषध संपले, अशी घरात समजूत होती. खरे तर जीवनसत्त्वे, लोह आणि कॅल्शियमची पूरक औषधे या शस्त्रक्रियेनंतर जन्मभराची सोबतीण असतात.

दुसऱ्या भेटीत त्यांनी पर्समधून रुग्णालयाने दिलेला, चार घड्या पडून मऊ झालेला कागद काढला. पहिले दोन आठवडे पातळ, मग वाटलेले, मग मऊ अन्न असा क्रम त्यावर होता आणि तो योग्यच होता. पण मऊ अन्नाच्या रकान्यात ओट्स, टोस्ट, उपमा, खिचडी आणि सूप एवढेच लिहिले होते, आणि सहाव्या-आठव्या आठवड्यानंतर काय, याबद्दल ‘नेहमीचा आहार हळूहळू सुरू करा’ अशी एक ओळ. ज्वारी-बाजरी त्या कागदावर कुठेच नव्हती. जे कागदावर नाही ते वर्ज्य, असा अर्थ घरातल्या सर्वांनी मिळून काढला होता, आणि खान्देशातल्या घरात भाकरी वर्ज्य झाली की ताटाला आधारच उरत नाही. तक्ता लिहिणाऱ्याने रुग्ण कुठून आला आहे हे एकदा विचारले असते, तर पुढचे चार महिने वाचले असते, असे मला आजही वाटते.

या समजुतीला बळ देणारा एक प्रसंगही घडला होता. श्रावणात कानबाईच्या रोटांना, म्हणजे आमच्या खान्देशातल्या या देवीच्या उत्सवाला, सारे भाऊबंद जमले. शस्त्रक्रियेला जेमतेम पाच आठवडे झाले होते. प्रसाद नाकारायचा कसा, म्हणून सुनंदाताईंनी रोटाचा तुकडा घाईने गिळला, वर पाणी प्यायल्या, आणि छातीच्या मध्यभागी कोणी दगड ठेवावा तसे होऊन अर्ध्या तासाने सगळे उलटून पडले. तेव्हापासून घट्ट अन्नाची भीती बसली. ती भीती खोटी नव्हती. पण तिने दोष चुकीच्या जागी लावला. पाचवा आठवडा, कोरडा गव्हाचा घट्ट तुकडा, घाई आणि वरून पाणी, या चार गोष्टी एकत्र आल्या होत्या, आणि त्यांनी लक्षात ठेवला तो फक्त तुकडा.

त्यानंतर त्या जे ‘जाते’ ते खाऊ लागल्या. चहात बुडवलेली खारी जाते, बिस्किटे जातात, ताकभात जातो, शेवभाजीच्या रश्श्यात भिजलेली शेव तर विनासायास जाते. घरचे केळे आहेच. जळगावच्या केळ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याचा अभिमान मलाही आहे, पण एका केळ्यात प्रथिने जेमतेम एक ग्रॅम असतात. असे मिळमिळीत, ओले अन्न नळीत थांबत नाही. ते घसरून खाली उतरते, पोट भरल्याची खूण देत नाही आणि तासाभरात पुन्हा काहीतरी तोंडात टाकावेसे वाटते. मी त्यांच्या एका दिवसाचा हिशेब मांडला, तर प्रथिने पंचवीस ग्रॅमच्या आतच भरली. गरज साधारण 60 ते 80 ग्रॅमची असते. वजन झपाट्याने उतरले की तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस काही प्रमाणात गळतातच, पण प्रथिने आणि लोह इतके कमी असले तर ते गळणे लवकर थांबत नाही. थोडक्यात, त्या मऊ खाऊन उपाशी होत्या आणि उपाशी असूनही वजन हलत नव्हते.

तिसऱ्या भेटीला मी त्यांना घरचा डबा घेऊन यायला सांगितले. डिसेंबर म्हणजे भरिताचा हंगाम. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचे भरीत, कळण्याची भाकरी आणि एका डबीत घट्ट वरण असा डबा आला. झाकण उघडताच खोलीभर धुराचा वास पसरला. पाण्याची बाटली मी टेबलावरून उचलून कपाटात ठेवली. आधी वरण, चहाच्या चमच्याने. मग भाकरीचा पापुद्रा, हरभऱ्याएवढा. घास तोंडात असताना हात मांडीवर ठेवायचा आणि पीठ होईपर्यंत चावायचे, एवढेच सांगितले. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे नीट चावलेली भाकरी सुटी होते, तर पोळी किंवा पाव लाळेत मळून गोळा होतो. पुष्कळ रुग्णांना पोळीआधी भाकरी जमते ती यामुळे. कळण्यात ज्वारीबरोबर सालीचे उडीद दळलेले असल्याने प्रथिनेही थोडी जास्त मिळतात, ही आमच्या आज्यांची शहाणी सोय.

सहाव्या घासाला सुनंदाताईंनी पदराने नाक पुसले. आठव्याला पुन्हा. “थंडीची सर्दी झालीय,” त्या म्हणाल्या. मी विचारले, ही सर्दी जेवतानाच होते का? त्या थांबल्या. चार महिने जेवताना नाक वाहत होते आणि त्यावर घरात आल्याचा काढा सुरू होता. या शस्त्रक्रियेनंतर पोट भरल्याची खूण पूर्वीसारखी येत नाही. कुणाला उचकी लागते, कुणाला शिंक येते, कुणाचे नाक वाहते, कुणाला बरगड्यांच्या मधोमध दाब जाणवतो. सुनंदाताईंचे शरीर रोज सांगत होते, आणि त्या नाक पुसून पुढचा घास घेत होत्या. त्या दिवशी डबा तिथेच बंद केला. पाऊण तास आम्ही बोलत बसलो. उलटी झाली नाही, दगडही बसला नाही. चतकोर भाकरीसुद्धा संपली नव्हती, पण सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आले.

पुढची घडी बसायला जानेवारी उजाडला. आधी प्रथिने, मग भाजी, भाकरी सर्वांत शेवटी, हा क्रम ठरला. अंडे, घट्ट वरण, पनीर, दह्याचा चक्का, मोड आणून नीट शिजवलेली मटकी आणि आठवड्यातून दोनदा चिकन, हे सगळे दिवसातून पाच वेळा विभागून. प्रथिनांची पावडर त्यांना वासामुळे नकोशी झाली होती, ती मी दिवसातून एकदा ताकात घालून पुन्हा सुरू करायला लावली, कारण घरचे सकस जेवण आणि पावडर यांत भांडण लावण्याचे कारण नाही; पहिल्या वर्षात जठराची जागाच इतकी थोडी असते की नुसत्या जेवणातून गरज भागणे अवघड जाते. पाण्याचे मात्र रोज भांडण झाले. जेवण आणि पाणी यांत अर्ध्या तासाचे अंतर ठेवायचे, आणि तांब्या वर धरून घटाघटा न पिता घोट-घोट प्यायचे, ही सवय लावणे भाकरी चावण्याहून कठीण गेले. बाजरीची भाकरी दोनदा अडकली, म्हणून ती महिनाभर बाजूला ठेवली. शेव बंद झाली नाही. मी ती बंद होईल अशी अपेक्षाही ठेवली नव्हती, फक्त रश्श्यातून काढून आठवड्यातून एकदा, कोरडी आणि मोजून, इतकीच ती राहिली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्या माहेरी गेल्या, तिथून फोन आला: खापरावरची पुरणपोळी आणि आमरस, किती? मी म्हटले, आधी वाटीभर वरण किंवा एक अंडे, मग पोळीचे तीन-चार घास. रस चमच्याने चाखायचा, वाटी तोंडाला लावायची नाही, कारण गोड पातळ एकदम उतरले तर घाम, धडधड आणि चक्कर येऊ शकते. फोन सासूबाईंनी काढून घेतला. विहिणीकडे त्याही गेल्या होत्या. म्हणाल्या, “तुम्ही काळजी नका करू. हिनं नाक पुसलं का मी ताट उचलते.”

वजन तेव्हा 81 होते आणि ब-12 वर आले होते. लोह अजून पुरेसे चढलेले नाही. त्या गोळी चहाबरोबर घेत होत्या, हे मला त्या फोनवरच कळले. आता गोळी दुपारी, चहापासून दूर आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तासांच्या अंतराने घ्यायची ठरली आहे. जुलैत वर्षाची तपासणी आहे.