सोडत नाही की सुटत नाही? 'व्यसन', 'आजार' आणि 'अवधान' या शब्दांविषयी

प्रश्न असा आहे. एक शिक्षिका पालकसभेसाठी पत्रक तयार करत आहेत. त्यात दोन वाक्यं आहेत : 'व्यसन हा आजार आहे' आणि 'एडीएचडी हा आजार आहे'. (एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांच्याशी संबंधित अवस्थेचं इंग्रजी आद्याक्षरी नाव.) त्यांच्या एका सहकाऱ्यांनी दोन्ही वाक्यांवर हरकत घेतली. टायफॉइड हा आजार, मधुमेह हा आजार. दारू ही खोड आणि वर्गात लक्ष नसणं हा आळस, असं त्यांचं म्हणणं. खोडीला आजार म्हटलं की दारुड्याला सबब मिळते. तेव्हा बाई विचारतात, की 'आजार' हा शब्द इथे चालेल का, की 'रोग', 'विकार', 'व्याधी' यांतला एखादा घ्यावा?

माझं मत आधीच सांगतो. पहिलं वाक्य आहे तसंच ठेवा. दुसऱ्यातला 'आजार' काढा. मात्र तो आळस आहे म्हणून नव्हे.

'व्यसन' शब्दापासून सुरुवात करतो, कारण या वादाचं मूळ त्याच्या पोटात आहे. संस्कृतात 'वि' उपसर्ग आणि 'अस्' म्हणजे फेकणे हा धातू मिळून हा शब्द होतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातलं आठवं अधिकरण व्यसनांवरच आहे, पण ते उघडून पाहिलं तर दारू-जुगाराच्या आधी राजा, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश यांच्यावर येणारी संकटं भेटतात. व्यसन म्हणजे आधी संकट, विपत्ती. तिथेच कौटिल्य शब्दाची फोड देतो : 'व्यस्यत्येनं श्रेयस इति व्यसनम्'. माणसाला त्याच्या हितापासून दूर भिरकावून देतं ते व्यसन. मृगया, द्यूत, स्त्रिया आणि मद्यपान ही कामातून उपजणारी चार व्यसनं त्यानंतर येतात. म्हणजे राज्यावर आलेली आपत्ती आणि राजाला जडलेली दारू या दोन्हींना एकच शब्द होता. वाक्यातला कर्ता कोण आहे तेही बघा. फेकणारं व्यसन, फेकला जाणारा माणूस.

मराठीत पुढे संकटाचा अर्थ झडला आणि वाईट सवयीचा तेवढा उरला. तरी क्रियापदांनी जुनी आठवण ठेवली आहे. व्यसन 'जडतं', रोगही जडतो. व्यसन 'लागतं', जशी भूक लागते, धाप लागते. 'त्याला ताप आहे' आणि 'त्याला व्यसन आहे' ही एकाच साच्यातली वाक्यं, दोन्हीकडे माणूस 'ला' प्रत्यय घेऊन सोसणाऱ्याच्या जागी उभा. गंमत अशी, की 'तो व्यसनी आहे' म्हटलं की तोच माणूस कर्त्याच्या जागी येऊन बसतो आणि आपला सूर बदलतो.

आता 'आजार'. हा फारसीतून आला. तिकडे त्याचा अर्थ छळ, यातना. 'रोग' हा 'रुज्' धातूवरून, म्हणजे मोडणे, दुखवणे. 'दुखणं' तर उघडच आहे. यातल्या एकाही शब्दात 'जंतूमुळे होणारा' किंवा 'रक्ताच्या तपासणीत दिसणारा' अशी अट नाही. ती अट आपण अलीकडे घातली, आणि तीही सोयीनुसार. अर्धशिशीचं निदान आजही मुख्यतः रुग्णाला विचारूनच होतं, पण अर्धशिशीला कुणी सोंग म्हणत नाही.

हरकत घेणाऱ्या सरांचा मुख्य मुद्दा जबाबदारीचा आहे आणि तो मी हलका मानत नाही. ज्या घरात पगाराच्या दिवशी पाकीट रिकामं होऊन येतं, त्या घरातल्या बाईला 'तो आजारी आहे' हे ऐकून राग येणारच. पण आजार म्हटलं की जबाबदारी संपली, ही कल्पना आपल्या भाषेतली नव्हे. आपल्याकडे आजाराला पथ्य चिकटलेलं असतं. मधुमेह झालेल्या माणसाने जिलबीच्या ताटाकडे हात नेला तर घरचे सगळे त्याच्यावर तुटून पडतात, आणि तरीही तो आजारीच असतो. आयुर्वेदात रोगाच्या कारणाला 'दोष' म्हणतात आणि माणसाच्या चुकीलाही आपण दोषच म्हणतो. चरकसंहितेत 'प्रज्ञापराध' अशी एक कल्पना आहे : बुद्धी, धैर्य आणि स्मृती ढळल्यावर माणूस जे अहिताचं वागतो, ते सर्व दोषांना चाळवतं. अपराध शब्दातच आहे आणि त्यातून उत्पन्न होतो तो मात्र रोग. त्याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानातला चोविसावा अध्याय मदात्ययावर, म्हणजे मद्यातून होणाऱ्या विकारांवर आहे. अंगवळणी पडलेली अहितकर गोष्ट एका झटक्यात न सोडता चौथाई-चौथाईने कमी करावी, असंही चरक सांगतो.

ही पायरीपायरीची गोष्ट दारूच्या बाबतीत फार खरी आहे. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक तोडली तर हात थरथरतात, झोप उडते, काहींना फिट येते, भास होतात. प्रसंगी जीवावर बेतते. म्हणून हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचं असतं. नुसती खोड सोडली म्हणून कुणाला फिट आल्याचं मी ऐकलेलं नाही.

'सबब' या शब्दाचंही बघा. मूळ अरबी शब्दाचा अर्थ नुसता 'कारण'. कचेरीच्या मराठीत 'सबब, अर्ज मंजूर करण्यात येत आहे' असं आपण अजून लिहितो. बोलण्यात मात्र त्याचा अर्थ 'खोटं कारण' असा झाला. व्यसनाला आजार म्हणणारे डॉक्टर कारण सांगत असतात, आणि ऐकणाऱ्याला सबब ऐकू येते.

पश्चिमेतही हा वाद जुनाच आहे. अमेरिकेतल्या बेंजामिन रश या डॉक्टरांनी १७८४ मध्ये कडक दारूच्या परिणामांवर पुस्तिका लिहिली आणि दारुडेपणाकडे रोग म्हणून पाहिलं. स्वीडनच्या माग्नुस हुस यांनी १८४९ मध्ये 'अल्कोहोलिझम' हा शब्द रूढ केला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने मद्यासक्तीला आजार मानलं ते १९५६ मध्ये. इंग्रजीतला 'अ‍ॅडिक्ट' हा शब्द लॅटिनमधून आला. रोममध्ये कर्ज न फेडल्यामुळे न्यायाधीशाच्या निवाड्याने सावकाराच्या हवाली केलेला माणूस म्हणजे 'अ‍ॅडिक्टस'. आपल्याकडे व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात 'मद्यपाश' हा शब्द वापरतात. तिकडे सावकार, इकडे फास. दोन्ही भाषांना बांधलेला माणूसच दिसला.

आजार न मानणाऱ्यांचा एक पुरावा मात्र वजनदार आहे. व्हिएतनामच्या युद्धात असंख्य अमेरिकन सैनिकांना हेरॉइन जडलं. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला, तेव्हा दिसलं की घरी आल्यावर बहुतेकांना ते पुन्हा जडलं नाही, आणि बहुतेकांनी त्यासाठी उपचारही घेतले नव्हते. मग हा कसला आजार, असं विचारतात. मला यातून एवढंच निघतं की परिस्थिती फार मोठी गोष्ट आहे. क्षयरोगही कोंदट, गर्दीच्या खोल्यांत आणि अर्धपोटी राहणाऱ्या माणसांत जास्त फैलावतो. म्हणून क्षय हा रोग नाही असं आपण म्हणत नाही. आपोआप बरा होतो म्हणून पडसंही आजारातून वगळत नाही.

पण माझ्या दृष्टीने या साऱ्याहून मोलाचा पुरावा मराठी व्याकरणात आहे. 'सोडणे' सकर्मक, 'सुटणे' अकर्मक. 'दारू सोडली' या वाक्यात माणूस कर्ता आहे. 'दारू सुटली' मध्ये दारू. 'किती वेळा सोडली, पण सुटत नाही' हे वाक्य महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत बोललं गेलं असेल. बोलणाऱ्याला त्यात काही विसंगत वाटत नाही, कारण ठरवणं आणि होणं यांत दरी असते हे भाषेला ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात मद्यावलंबित्वाची जी लक्षणं दिली आहेत, त्यांतलं एक प्रमुख लक्षण म्हणजे पिण्यावरचा ताबा ढळणं. सोडणे आणि सुटणे यांच्यातली दरी ती हीच. ही दरी आहे तिथे 'आजार' शब्द बिनदिक्कत वापरा. ती नाही, म्हणजे माणूस हवं तेव्हा सोडू शकतो, तिथे सवय म्हणा, छंद म्हणा, चट म्हणा. 'मला वाचनाचं व्यसन आहे' हे कौतुकाने म्हणता येतं, पण 'मला वाचनाचा आजार आहे' म्हणवत नाही.

लहानपणी आमच्या चाळीत एक काका होते. सकाळी उठता येत नसे, तेव्हा काकू शेजारच्या मुलाबरोबर कारखान्यात निरोप धाडायच्या : 'त्यांना बरं नाहीये.' चाळीतल्या सगळ्यांना ते खोटं वाटायचं आणि काकूंनाही ते सांगताना मान वर करता यायची नाही. आज मला वाटतं, त्या घराबद्दल चाळीत जेवढं बोललं गेलं, त्यातलं सर्वांत खरं वाक्य तेच होतं.

आता दुसरं वाक्य. इथेही आधी क्रियापद बघू. 'तो लक्ष देत नाही' आणि 'त्याचं लक्ष लागत नाही'. शाळेच्या प्रगतिपुस्तकात बहुधा पहिलं लिहिलं जातं. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे मागतात तेही अवधान, आणि तिथलंही क्रियापद 'देणे'च आहे. देण्यासाठी ते आधी हाताशी असावं लागतं. एडीएचडी असलेल्या मुलाकडे अवधान नसतं असं नाही. आवडीच्या गोष्टीत ते तासन्‌तास बुडून जातं. पण कुठे, कधी आणि किती वेळ द्यायचं हे त्याच्या हातात पुरेसं नसतं. मराठीत यासाठी शक्य क्रियापद आहे. 'आजोबांना जिना चढवत नाही' म्हटल्यावर आजोबांना कुणी आळशी ठरवत नाही. तसंच 'या मुलाला एका जागी बसवत नाही'. 'बसत नाही' आणि 'बसवत नाही' यांत एका अक्षराचा फरक आहे, आणि त्या एका अक्षरापायी मुलांनी किती पट्ट्या खाल्ल्या असतील!

वैद्यकातही हा प्रवास नीतीपासूनच सुरू झाला. जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी १९०२ मध्ये लंडनमधल्या व्याख्यानांत अशा मुलांचं वर्णन केलं ते 'नैतिक नियंत्रणातली उणीव' म्हणून. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत १९६८ साली नावात भर चळवळेपणावर होता, १९८० मध्ये तो अवधानावर आला, आणि आजचं नाव १९८७ मधलं. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं, की याबाबतीत माणसामाणसांत जो फरक असतो त्यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७० ते ८० टक्के आहे. म्हणजे संस्कार कमी पडले हा आरोप आईबापांवर टाकायला जागा फार थोडी.

मग आजार का नको? आजार 'होतो' आणि 'बरा होतो', किंवा निदान कधीतरी सुरू झालेला असतो. 'हिला कधीपासून झालं?' हा आजाराबद्दलचा पहिला प्रश्न. इथे त्याला उत्तर नाही. मुलाच्या मेंदूची वाढच त्या वळणाने होत आलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात एडीएचडी मेंदूच्या वाढीशी निगडित विकारांत येतो. 'विकार' शब्द मलाही पूर्ण पसंत नाही. संतवाङ्मयात विकार म्हणजे काम-क्रोधादी, आणि शेजारीच 'विकृत' उभा आहे, तो तर शिवीच झाला आहे. तरीही 'दृष्टिविकार', 'हृदयविकार' यांनी त्याला बरंच धुऊन काढलं आहे, म्हणून तो चालवून घ्यावा. 'अतिचंचलता' मात्र एकटा वापरू नका. खिडकीबाहेर बघत शांत बसलेली, वही घरी विसरलेली मुलगी त्या शब्दात बसत नाही. 'वेंधळी' म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं आणि मोठेपणीच कधीतरी निदान होतं.

कायद्यातले शब्दही ध्यानात घ्या, कारण पालक ते विचारतील. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी संबंधित मानसिक अवस्था स्पष्टपणे धरल्या आहेत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी नावाने नाही.

तुमच्या पत्रकासाठी मी अशी वाक्यं सुचवेन : 'व्यसन हा आजार आहे. तो उपचारांनी आटोक्यात येतो आणि त्याला पथ्य असतं.' 'एडीएचडी हा अवधानाचा, मेंदूच्या वाढीशी निगडित विकार आहे. अशा मुलाचं लक्ष लागत नाही. ते मुद्दाम लक्ष देत नाही असं नाही.' पुढे सगळीकडे 'व्यसनी' ऐवजी 'व्यसन जडलेली व्यक्ती' लिहा, दोन शब्द वाढले तरी चालेल. आणि खाली जागा उरली तर दोन क्रमांक ठळक छापा : मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, आणि व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. दोन्ही एकाच आकड्याने वेगळे आहेत, तेव्हा छापायला देण्यापूर्वी तपासून घ्या.